दारातल्या चपला

बापू पुढाऱ्याच्या बंगल्यात कधी सरळ शिरले नाहीत. आधी दाराबाहेर थांबायचे. खिशातून तंबाखूची डबी काढायची, चिमूटभर तळहातावर घ्यायची, आणि मळता मळता खाली काढून ठेवलेल्या चपला-बुटांवरून नजर फिरवायची. सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. बघणाऱ्याला वाटायचं, म्हातारा तंबाखूसाठी थांबलाय. पण तेवढ्यात आत कोण बसलंय, कोणत्या तालुक्याचं बसलंय आणि कशासाठी बसलंय, हे बापूंना कळलेलं असायचं. मग ते वाकून स्वतःच्या चपला काढायचे, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळायचे, खांद्यावरच्या शबनम पिशवीत टाकायचे आणि अनवाणी आत जायचे.

चपला पिशवीत का, असं मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी कुणाचा तरी हेर आहे. "आपुन वाचतो तसं दुसरा बी वाचत आसंल," ते म्हणाले. "आपल्या चपला कुनाच्या दारात सोडायच्या नायत. मंदिराच्या बी नाय." गुंडाळायला ते नेहमी दुसऱ्या पेपरचा अंक घ्यायचे. आपल्या अक्षरांवर पाय कामून द्यायचा, असं त्यांचं म्हणणं.

बापू म्हणजे पुंजाराम काकडे. गाव अजिंठ्याकडचं, घाटाच्या पायथ्याचं. शेती थोडी, भाऊ जास्त, म्हणून हे शहरात आले आणि पत्रकार झाले. औरंगपुऱ्यात आमच्या दैनिकाचं ऑफिस होतं, खाली भांड्यांचं दुकान आणि वर आम्ही. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. बापू राजकीय बातमीदार होते आणि इतके जुने होते की ज्यांना ते 'हे पोरगं' म्हणायचे त्यांतली निम्मी पोरं मंत्री होऊन माजी मंत्रीही झाली होती. गेल्या उन्हाळ्यात बापू गेले. त्यांच्यावर चार ठिकाणी छापून आलं, 'निर्भीड', 'चालतंबोलतं विद्यापीठ', वगैरे. एकातही चपलांचा उल्लेख नव्हता. म्हणजे लिहिणाऱ्यांनी बापूंना पाहिलेलं नव्हतं किंवा पाहून काही कळलं नव्हतं.

मी सोयगावचा. पदवी घेऊन ऑफिसात आलो तेव्हा संपादकांनी मला बापूंच्या टेबलाशी नेऊन बसवलं. बापूंनी नाव विचारलं नाही. म्हणाले, "कुनी पाठवलं?"

"संपादकांनी."

"ते मला दिसलं. संपादकाकडं कुनी पाठवलं?"

"कुणी नाही. जाहिरात बघून अर्ज केला."

"जाहिरात बघून कुनी पेपरात येतं व्हय," असं म्हणून ते लिहायला लागले. पुढे महिनाभर त्यांची खात्री होती की मी कुणातरी आमदाराचा भाचा आहे. सोयगावला जाणाऱ्या एसटीच्या कंडक्टरकडे त्यांनी माझी चौकशी केली. माझे वडील शाळामास्तर, मामा किराणा दुकानदार, हे कळल्यावर त्यांचा चेहरा पडला. मग मात्र ते मला 'सोयगावकर' म्हणायला लागले आणि माझ्या मोटरसायकलवर मागे बसायला लागले. बापूंना गाडी चालवता येत नव्हती. ऑफिसची जीप नको म्हणायचे, ड्रायव्हर कुणाला सांगेल याचा भरवसा नाही.

संशय हा त्यांचा धंदा होता असं म्हणता येईल, पण धंदा संध्याकाळी बंद होतो. बापूंचं दुकान सदा उघडं. कुणी रक्तदान शिबिर घेतलं की म्हणायचे, "देतोय ना? मग काय तरी घ्यायचं आसंल." निवडणुकीच्या तोंडावर आभाळ भरून आलं तरी ते वर बघून, ढग आत्ताच कामून आले, असं पुटपुटायचे. घरी काकूंनी चहात साखर जरा जास्त टाकली तर कप खाली ठेवून विचारायचे, "काय पायजे?" काकूंनी मला हे हसत हसत सांगितलं होतं. वर म्हणाल्या, "एकदा खरंच पाटल्या पाहिजे होत्या मला. त्या दिवशी मुद्दाम बिनसाखरेचा दिला."

पण संशय खरा निघायचा, हीच तर पंचाईत. आमच्या जिल्ह्याचे एक मोठे पुढारी होते. नाव घेत नाही, त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. त्यांच्या बंगल्यावर एकदा पत्रकार परिषद होती. भाऊसाहेब म्हणाले, आज बाहेरचं कुणी नाही, सगळी घरचीच माणसं आहेत. बापूंनी माझं कोपर दाबलं. बाहेर आल्यावर एका चपलेकडे बोट न दाखवता म्हणाले, "ती बघ. अंगठ्यापाशी भोक पाडलेली." उजव्या पायाच्या अंगठ्याशी कातडं गोल कापलेलं होतं. "आबा हायेत. अंगठ्याला गाठ हाय त्येंच्या, चप्पल लागती. मानूस आतल्या खोलीत बसलाय."

आबा म्हणजे जिल्हा परिषदेचे जुने सदस्य आणि भाऊसाहेबांचे हाडवैरी. दुसऱ्या दिवशी बातमी आली की आबा भाऊसाहेबांच्या गटात चालले. आबा तणतणत ऑफिसात आले. म्हणाले, "बापू, शपथ घेतो, मी नव्हतो. सोयऱ्याच्या लग्नात माझ्या चपला बदलून गेल्या. कुणी घालून फिरत असेल तर मी काय करू?" बापूंनी त्यांना चहा पाजला आणि खुलासा छापला. आठवड्याभरात आबा हार घालून भाऊसाहेबांच्या शेजारी व्यासपीठावर उभे होते, पायात तीच भोकाची चप्पल.

तेव्हापासून 'चपला बदलल्या' हा आमच्या ऑफिसात थापेसाठीचा शब्द झाला. कुणी उशिरा आलं, कुणाची बातमी राहिली, की बापू चष्म्यावरून बघत विचारायचे, "काय, चपला बदलल्या व्हय?" सगळे हसायचे. मीही हसायचो. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

मुंबईहून कुणी पत्रकार आला की बापूंना विचारायचा, मराठवाड्याचं राजकारण कसं बदललं? बापूंना हा प्रश्न आवडत नसे. असा प्रश्न विचारणारा उत्तर आधीच लिहून आलेला असतो, असा त्यांना शक होता. पण एकदा भाऊसाहेबांच्या फाटकाबाहेर चहा पिताना ते आपणहून बोलले. "आधी ह्या दारात मातीच्या चपला आसायच्या. काळी माती, तांबडी माती, चुनखडीची. मातीवरून गाव सांगत व्हतो मी. आता बग. समदे बूट पांढरे. गाडीतून उतरत्यात, गाडीत बसत्यात. माती लागंल कुठून?" मग कप उपडा करून म्हणाले, "आधीचा पुढारी गावात आला की इचारायचा, इहिरीला पानी किती हाय. आताचा इचारतो, जमिनीचा गट नंबर कोनता."

ती दुष्काळाची वर्षं होती. लागोपाठची. शहर मात्र पैठण रोडनं, बीड बायपासनं पसरत चाललं होतं. ज्या रानात ज्वारी वाळत होती तिथं चुन्याच्या रेघा मारलेले प्लॉट पडत होते. बापूंनी जुने दुष्काळ पाहिले होते. खडी फोडायच्या कामावर बायका मंत्र्याची गाडी कशी अडवायच्या ते सांगायचे. "तवा पुढारी तोंड लपवून गावात यायचा. आता टँकरवर तोंड छापून येतो."

आणि टँकरचीच ती बातमी. एका टँकर ड्रायव्हरनं बापूंना सांगितलं की एका कोरड्या गावाच्या नावानं भरलेले टँकर गावात जातच नाहीत. पैठण रोडला भाऊसाहेबांच्या भागीदाराच्या बंगल्यांचं काम चाललं होतं, तिथं खाली होतात. गावातल्या बायका दुपारभर रिकाम्या घागरी मांडून बसतात, आणि कागदावर गाव पाणी पितं. बापू इतके अस्वस्थ मी कधी पाहिले नव्हते. ते पुन्हा पुन्हा म्हणत, "ह्ये छापायचं. मग मी घरी बसाया मोकळा." त्यांनी ही गोष्ट दोघांनाच सांगितली. मला, कारण गाडी माझी. आणि संपादकांना, कारण पहिल्या पानावर जागा हवी होती. सांगताना माझ्याकडे रोखून बघत म्हणाले, "दोघांला ठाव हाय. तिसऱ्याला कळलं तर दोघातला एक."

सकाळी ऊन तापायच्या आत आम्ही टँकर भरतात त्या विहिरीवर पोचलो. तिथं मांडव होता. टँकर रांगेत उभे, त्या कोरड्या गावातल्या बायका आणून पुढं बसवलेल्या, घागरी भरलेल्या, आणि खुर्चीवर भाऊसाहेब स्वतः. म्हणाले, "या बापू. तुमचीच वाट बघत होतो. पाणी घेणार का चहा?" फोटोग्राफर त्यांनी स्वतःचा आणला होता. बापूंनी पाणी घेतलं नाही, चहाही नाही. बातमी तिथंच मेली. ड्रायव्हरला दुसऱ्या दिवशी कामावरून काढलं.

परत येताना आम्ही एका टपरीवर थांबलो. बापूंनी डबी काढली आणि तंबाखू मळायला घेतली. मग त्यांची नजर माझ्या पायांवर गेली.

"नव्या घेतल्या व्हय?"

मी खाली बघितलं. "नाही हो बापू. परवा वर्धापनदिनाची पूजा होती ना ऑफिसात, त्यात माझ्या बदलून गेल्या. कंपनी तीच, रंग तोच. कुणीतरी माझ्या घालून गेलं, म्हणून उरल्या त्या मी घातल्या." आणि बोलता बोलता मला आबा आठवले, मी हसलोही. म्हटलं, "खरंच, आबांसारख्या नव्हे."

बापू हसले नाहीत. "व्हय का," एवढंच म्हणाले.

पूजेच्या दिवशी बापू ऑफिसात नव्हते, त्या ड्रायव्हरला भेटायला गेले होते. माझ्या जुन्या चपलांची मात्र त्यांना चांगली ओळख होती. डाव्या चपलेचा पट्टा तुटला तेव्हा गुलमंडीवरच्या मोच्यापाशी ते माझ्या शेजारीच बसले होते. मोची म्हणाला, "काला धागा खतम है साब, लाल चलेगा?" मी नको म्हणत होतो. बापू म्हणाले, "चालतंय. वळखू येतील."

त्या टपरीनंतर बापू माझ्या गाडीवर कधी बसले नाहीत. दुसऱ्या दिवशी रिक्षानं गेले. मी टेबलाजवळ गेलो की लिहिता कागद पालथा करायचे. फोनवर बोलत असले तर "मंग बोलू" म्हणून ठेवायचे. मी विचारलं, बापू, काही चुकलं का? म्हणाले, "नाय. कुठं काय." भांडले असते, चार शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं. मला फार लागलं ते. वडिलांनी बोलणं टाकावं तसं लागलं.

कारण मला पुष्कळ वर्षांनी कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगून टाकतो, नाहीतर तोवर तुम्हीही माझ्यावर संशय घेत बसाल. आम्ही विहिरीवर गेलो त्याच्या आदल्या संध्याकाळी बापू भाऊसाहेबांच्या बंगल्यावर गेले होते. नेहमीसारखी तंबाखू मळत उभे राहिले. बाजूच्या दाराशी, खास माणसं जातात तिथं, त्यांना माझ्या चपला दिसल्या. डावीच्या पट्ट्याला लाल दोरा. तरी सकाळी ते माझ्या गाडीवर बसले, विहिरीवर काय होतं ते बघायला. आणि तिथून परतताना माझ्या पायात नव्या चपला, आणि तोंडात आबांची थाप. उभ्या आयुष्यात दारातल्या चपलांनी बापूंना फसवलं नव्हतं. मी त्यांच्या जागी असतो तर मीही हेच वाचलं असतं.

पण तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. आणि संशय म्हणजे खरजेसारखा, जवळ बसणाऱ्याला लागतो. मलाच वाटायला लागलं, बापूंनीच तर भाऊसाहेबांना कळवलं नसेल? बातमी त्यांचीच, ड्रायव्हर त्यांचा, मग माझ्याशी हा अबोला कशाला? उतारवयात म्हाताऱ्यानं घर बांधायला काढलं होतं का, याची मी अजिंठ्याच्या एका माणसाकडे चौकशी केली. कंडक्टरकडेच केली म्हणा ना. घराला पत्रे जुनेच होते. मला बरंही वाटलं आणि नाहीही.

बापू निवृत्त झाले तेव्हा ऑफिसात छोटा निरोप समारंभ झाला. संपादक छान बोलले. बापू म्हणजे आमचा नैतिक कणा, असं म्हणताना त्यांचा आवाज भरून आला. बापूंनी सगळ्यांचा हात हातात घेतला. माझ्यापाशी आल्यावर आधी माझ्या पायांकडे बघितलं, मग हात घेतला आणि लगेच सोडला. त्या दिवशी मी घरी जेवलो नाही.

पुढे संपादकांनी पेपर सोडला. भाऊसाहेबांच्या शिफारशीनं ते एका महामंडळावर गेले, लाल दिव्याची गाडी आली. आम्ही चकित झाल्यासारखं केलं. खरं सांगायचं तर कुणीच चकित झालं नव्हतं. मग कधीतरी त्यांच्या आई वारल्या. मी परगावी होतो, जाणं झालं नाही. बापू भेटायला गेले होते, असं कानावर आलं.

त्यानंतरच्या आठवड्यात, भर दुपारी, माझ्या दारावर थाप पडली. मी तेव्हा शहराच्या कडेला, सातारा परिसरात तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहत होतो. दार उघडलं तर बापू. धापा टाकत होते, वाळून अर्धे झाले होते. माझ्या घरी ते पहिल्यांदाच आले होते. पहिला विचार माझ्या मनात काय आला असेल? कुणी पाठवलं असेल यांना. बापूंचाच चेला मी.

खाली सोसायटीच्या टाकीत टँकर पाणी सोडत होता, त्याचा आवाज वर येत होता. बापूंनी जिन्याच्या कठड्यावरून खाली बघितलं.

"कोन्त्या गावाचं पानी हाय?"

"माहीत नाही बापू. रोज येतो."

"इचारत जा."

मग त्यांनी चपला काढल्या. मी बाजूला सरून उभा राहिलो. आता वाकतील, पेपरात गुंडाळतील, पिशवीत टाकतील. बापू वाकले नाहीत. तसेच आत आले आणि खुर्चीवर बसले. पिशवी आधीच फुगलेली होती, म्हणून मला वाटलं जागा नसेल. माझ्या बायकोनं पाणी आणलं. ते त्यांनी एका दमात संपवलं आणि पिशवीतून एक पुडकं काढलं. या वेळी कागद आमच्याच पेपरचा होता. त्यांनी ते जमिनीवर ठेवून उलगडलं. आत तपकिरी चपला होत्या. टाचा झिजलेल्या, वर धूळ. डावीच्या पट्ट्याला लाल दोरा.

"तुझ्या हायेत," बापू म्हणाले. "संपादकाच्या घरी व्हत्या. त्याची माय गेली, भेटाया गेलतो. जिन्याखाली चपलांचा ढीग पडलाय, त्यात ह्या. इहिरीच्या आदल्या सांजंला भाऊसायबाच्या बाजूच्या दारात बघितल्या व्हत्या त्याच. गड्याला इचारलं, कुनाच्या. तो म्हनला, सायबांच्या, जुन्या, सायब पूजेला-बिजेला घालायचे. उचलून आनल्या."

"न विचारता?"

"तुझ्या त्या. त्याला कामून इचारू?" मग जरा थांबून म्हणाले, "सोताच्या चपला वळखू येत नायत त्याला. आन आपुन त्याच्या हाताखाली पेपर काढला."

मी त्या चपलांकडे बघत राहिलो. इतकी वर्षं मनात उलटसुलट केलेलं सगळं एकदम जागच्या जागी बसलं. पूजेला संपादक झब्बा घालून आले होते, पायात बूट नव्हते, हेही आठवलं. म्हणजे ते माझ्या चपला घालून भाऊसाहेबांच्या बाजूच्या दारानं आत गेले, आणि मी पट्टा तुटेपर्यंत संपादकांच्या चपला घालून गावभर हिंडलो.

बापू गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. माझ्याकडे बघत नव्हते. त्या लाल दोऱ्याकडे बघत होते.

"खरंच बदलल्या व्हत्या रे तुझ्या," ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "म्या एकदा तरी इचाराया पायजे व्हतं."

बायकोला काय चाललंय ते कळत नव्हतं, पण ती शहाणी, ती चहा ठेवायला आत गेली. चहा आला. साखर जास्त झाली होती, मी एक घोट घेतला आणि बापूंच्या कपाकडे बघितलं. बापूंनी बशीत ओतला, फुंकर मारली आणि 'काय पायजे?' न विचारता पिऊ लागले.

खालून शाळेची पोरं धडधडत वर आली, शेजारचं दार वाजलं. तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं.

"बापू, तुमच्या चपला बाहेरच राहिल्या. आत घेऊ का?"

बापूंनी बशी खाली ठेवली, धोतराच्या सोग्यानं मिशा पुसल्या.

"ऱ्हाऊ दे भायेर," ते म्हणाले. "कुनी वाचल्या तर वाचू दे."